गोदावरीबाईंचं बिऱ्हाड

गोदावरीबाई जेऊरकर पडल्या त्या स्वतःच्या मोरीत, भर सकाळी, हातात भरलेला तांब्या असताना. उठायला गेल्या तर उजवा पाय जागचा हलेना. ओरडायची त्यांना सवय नव्हती. इतकी वर्षं मुलींच्या शाळेत शिकवलं, पण वर्गात आवाज चढवून बोलल्याचं कुणाला आठवत नसे. त्या तशाच ओल्या फरशीवर पडून राहिल्या आणि झरोक्यातून आलेलं ऊन भिंतीवरून खाली सरकताना बघत राहिल्या. घरमालक ईरप्पांची सून अंगणातल्या नळावर पाणी भरायला आली, तिनं दारातून डोकावून पाहिलं, तेव्हा कुठे माणसं जमली.

इस्पितळात त्यांचा पाय फळीला बांधून, टोकाला वजन लावून त्यांना उताणं निजवलं. पावसाळा तिथंच गेला. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की खुब्यापाशी मोडलेलं हाड काही धरत नाही, या वयात ते धरतच नाही. बसता येईल, कुणी आधार दिला तर कूस बदलता येईल, पण चालणं संपलं. हे सांगताना डॉक्टर त्यांच्याकडं न बघता कमलाकरकडं बघत होते. कमलाकर म्हणजे त्यांचा भाचा, भाऊ गोपाळचा मुलगा. करमाळ्याला मामलेदार कचेरीत कारकून होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. गोदावरीबाईंना वाटलं, आता आपल्यालाही रडू येईल. त्या थोडा वेळ वाट बघत राहिल्या. मग परिचारिका पेज घेऊन आली आणि त्यांनी ती पेज पिऊन टाकली.

कमलाकर त्यांना न्यायलाच आला होता. जेऊर स्टेशनावर बैलगाडी सांगून ठेवली होती, गाडीत गादी घालायची व्यवस्थाही केली होती. गोदावरीबाई म्हणाल्या, "मी माझ्या बिऱ्हाडी जाणार."

कमलाकरनं परोपरीनं समजावलं. तो वाईट नव्हता. त्याची बायकोही वाईट नव्हती, पाच पोरांच्या मागं दमून गेलेली एक साधी बाई होती. गोदावरीबाईंनीच त्याच्या शिक्षणाचा खर्च केला होता आणि तो ते विसरलेला नव्हता. पण त्याच्या घरात आपली जागा कुठली असेल हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मागच्या दाराजवळची, लाकडं ठेवायची खोली. त्यांच्या आईनं, म्हणजे कमलाकरच्या आजीनं, शेवटची वर्षं त्याच खोलीत काढली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत गोदावरीबाई तिथं जात आणि आईजवळ बसत. आईला कुणी टाकून बोलत नसे, उपाशी ठेवत नसे. पण पाणी हवं असलं तरी आई मागायची नाही. कुणी येतंय का बघत पडून राहायची, आणि कुणी आलं की आधी त्याची विचारपूस करायची, मग हळूच म्हणायची की जाताजाता जमलं तर भांडंभर पाणी दे. घरातलंच माणूस असं पाहुण्यासारखं बोलताना त्यांनी ऐकलं होतं.

स्वतः गोदावरीबाई बाराव्या वर्षी विधवा झाल्या होत्या. सासरी चार वर्षं दुसऱ्याच्या मर्जीनं उठल्या-बसल्या. गोपाळनं सगळ्यांचा राग पत्करून त्यांना पुण्याला शिकायला धाडलं, तिथून त्या सोलापूरला मास्तरीण म्हणून आल्या आणि ईरप्पांच्या वडिलांकडून बाळीवेशीजवळ दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. ज्या वर्षी शहरात मार्शल लॉ लागला त्या वर्षी त्या पेन्शनीत निघाल्या, पण खोल्या त्याच होत्या. आपल्या चुलीवर आपल्याला हवं तेव्हा चहाचं आधण ठेवायचं, एवढीच काय ती त्यांची चैन.

"तिथं तुझं करणार कोण?" कमलाकरनं विचारलं.

"पगारी बाई ठेवीन," त्या म्हणाल्या. "पगार दिला की मागायला लाज वाटत नाही."



पेन्शन वीस रुपयांची होती. खोल्यांचं भाडं चार. स्वयंपाकाला त्यांनी मुक्ताबाई म्हणून एक ब्राह्मण विधवा बघितली, ती पाच रुपयांत दोन वेळा येऊन सोवळ्यात रांधून जायला तयार झाली. पण अंथरुणाला हात लावणार नाही, उचलणं-पुसणं आपल्याकडं नाही, हे तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. तेव्हा उचलायला दुसरी बाई हवी होती, आणि ती रात्री मुक्कामाला राहणारी हवी होती. ईरप्पांनी त्यांच्याच लिंगायत जातीतली एक बाई आणली. जगदेवी तिचं नाव. अक्कलकोटकडची, तिशी ओलांडलेली, नवरा प्लेगात गेलेला. गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात कामाला होती, मंदी आली तशी गिरणीनं बायका कमी केल्या, त्यात ही घरी बसली. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, आणि मनगटं पुरुषासारखी रुंद. दहा रुपये आणि दोन वेळचं जेवण असं ठरलं.

पहिल्या दिवशी जगदेवीनं त्यांना काखेत हात घालून उचललं तेव्हा गोदावरीबाईंनी डोळे मिटून घेतले. बारा वर्षांच्या असल्यापासून त्यांच्या अंगाला दुसऱ्या माणसाचा हात असा लागलेला नव्हता. इस्पितळात लागला होता, पण ते इस्पितळ होतं. हे घर होतं, समोर त्यांची पुस्तकांची फळी होती, खुंटीवर त्यांचं लुगडं होतं, आणि कुणी परकी बाई त्यांचं अंग ओल्या फडक्यानं पुसत होती. जगदेवी कामात बोलत नसे. एवढंच म्हणे, "बाई, आता हिकडं वळा," किंवा "जरा दम धरा की." दोन-चार दिवसांत गोदावरीबाईंचे डोळे मिटायचे थांबले. लाज गेली म्हणावं तर तसं नव्हतं. ती कुठं गेली हे त्यांना कळलं नाही.

महिन्याच्या शेवटी हिशेब केला की एक रुपया उरे आणि त्यात धान्य, सरपण, तेल, औषध सगळं बसवायचं असे. ते बसणार नव्हतंच. पोस्टात ठेवलेले पैसे दर महिन्याला थोडे थोडे काढावे लागले. दिवाळीनंतर पाटल्या गेल्या. लग्नातल्या पाटल्या होत्या, विधवा झाल्यापासून कधी घातल्या नव्हत्या. ईरप्पांनी सराफ घरीच बोलावला. त्यानं पाटल्या तराजूत टाकल्या, गोदावरीबाई तराजूकडं बघत होत्या. सराफ गेल्यावर जगदेवीनं विचारलं, "वाईट वाटलं का, बाई?" त्या म्हणाल्या की नाही, आणि ते खरं होतं.

पाटल्यांचे पैसेही संपायला आले तेव्हा दोघींतली एक बाई कमी करणं भाग पडलं. जी उचलते तिला कमी करता येत नव्हतं. मुक्ताबाईंना नको सांगितलं आणि स्वयंपाक जगदेवी करू लागली. गोदावरीबाईंनी स्वतःशी विचार केला की लिंगायत म्हणजे शाकाहारीच, हात धुऊन करते, काही बिघडत नाही. तिची ज्वारीची भाकरी त्यांना आवडली, शेंगाची चटणी थोडी तिखट लागली. पण मुक्ताबाईंनी जाता जाता चार घरी सांगितलं असावं. शाळेतल्या जुन्या सोबतिणी अधूनमधून येत, चहा घेत, गप्पा मारत. त्या येत राहिल्या, पण चहाला नको म्हणू लागल्या. कुणाचा उपास असे, कुणी नुकताच घेतलेला असे. मग येणंही विरळ झालं. माघात कमलाकर आला. उन्हातून स्टेशनावरून चालत आलेला, ओठ कोरडे पडलेले. जगदेवीनं तांब्या पुढं केला तर तो म्हणाला, आत्ताच वाटेत पाणी प्यालो. तो दोन तास बसला आणि कोरड्याच तोंडानं गेला. गोदावरीबाईंनी ते पाहिलं. तो गेल्यावर त्यांनी जगदेवीला सांगितलं की मला कुशीवर कर.

असेच एकदा बसल्या बसल्या त्यांनी जगदेवीला विचारलं की तू रात्रंदिवस इथं असतेस, तर तुझ्या घरी कोण असतं. जगदेवी तांदूळ निवडत होती. तिनं सांगितलं की गिरणीमागच्या चाळीत तिची सासू असते, मायाक्का. दोन्ही डोळ्यांनी अंध झाली आहे. तिचं जेवणखाण, परसाकडं नेणं-आणणं शेजारची भीमव्वा करते.

"फुकट करते?" गोदावरीबाईंनी विचारलं.

"फुकट कोण करील, बाई? तिला दोन रुपये देते की, म्हैन्याला."

गोदावरीबाईंनी मान हलवली. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं की तुला सासूकडं जावंसं वाटत नाही का. जगदेवी म्हणाली की रविवारी दुपारी तुमचा डोळा लागला की जाऊन येते. तिला न्हाऊ घालते, डोकं विंचरते. हे गोदावरीबाईंना माहीतही नव्हतं.

उन्हाळ्यात पेन्शनीच्या कचेरीतून निरोप आला. पेन्शन घेणारं माणूस हयात आहे याची खात्री करायची होती, त्यासाठी वर्षातून एकदा स्वतः हजर राहावं लागे. गेल्या वर्षी त्या चालत गेल्या होत्या. या वेळी ईरप्पांनी टांगा ठरवला. ठरलेल्या दिवशी हजर न राहिल्यास पेन्शन अडकेल, मग पुन्हा अर्ज, पुन्हा खेटे, आणि तोवर घरात यायचं काहीच नव्हतं.

त्या दिवशी सकाळी जगदेवीनं त्यांची वेणीफणी केली, धुतलेलं लुगडं नेसवलं. लुगडं नेसवताना मधेच भीमव्वा दारात आली. तिनं कानडीत काहीतरी सांगितलं. जगदेवीचा हात थांबला. ती दाराशी गेली, थोडं बोलली, परत आली.

"काय झालं?"

"म्हातारीला ताप हाय. रात्रीपास्नं धाप लागलीय म्हनती. मला हाका मारती."

बाहेर टांगा येऊन उभा होता. घोडं पाय आपटत होतं. गोदावरीबाईंनी तिच्याकडं पाहिलं. टांग्यात चढवायचं, तिथं उतरवायचं, साहेबासमोर नेऊन बसवायचं, हे दुसऱ्या कुणाला जमणारं नव्हतं. ईरप्पांचं वय झालं होतं आणि त्यांच्या सुनेला दिवस गेले होते.

"कचेरीचं उरकू आणि मग जा," गोदावरीबाई म्हणाल्या. "आज नाही गेलो तर तुझा पगारही निघायचा नाही."

 जगदेवी भीमव्वाकडं वळून काहीतरी म्हणाली. भीमव्वा निघून गेली. जगदेवीनं लुगड्याच्या राहिलेल्या निऱ्या केल्या आणि त्यांना उचललं.

कचेरीत गर्दी होती. कारकून जेवायला गेला, त्याची वाट बघावी लागली. गोदावरीबाई भिंतीला टेकून सतरंजीवर बसल्या होत्या आणि जगदेवी शेजारी बसून त्यांना खांद्याशी धरून होती, कारण आधार काढला की त्या एका अंगावर कलत. तिनं एकदाही दाराकडं वळून पाहिलं नाही, हे गोदावरीबाईंच्या लक्षात आलं. शेवटी साहेबानं त्यांच्याकडं बघितलं, नाव विचारलं, वडिलांचं नाव विचारलं, सही घेतली. परत यायला दुपार कलली. जगदेवीनं त्यांना अंथरुणावर निजवलं, उशाशी पाणी ठेवलं, आणि निघाली.

मायाक्का दुपारीच गेली होती. भीमव्वा तिला सोडून घरी पोरांचं जेवण करायला गेली होती, तेवढ्यात. हे ईरप्पांनी संध्याकाळी येऊन सांगितलं.

ती रात्र आणि दुसरा दिवस गोदावरीबाईंचं ईरप्पांच्या सुनेनं जमेल तसं केलं. तिला उचलणं झेपत नव्हतं, तेव्हा चादर तशीच राहिली. गोदावरीबाई त्या ओल्या चादरीवर पडून विचार करत होत्या की आता आपल्याला काहीतरी वाटायला हवं. आपण थांबवलं नसतं तर ती सासूजवळ असती. हे वाक्य त्यांनी मनात पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं, जसं मुलींना एखादी कविता पाठ व्हावी म्हणून म्हणायला लावत तसं. पाठ झालं, पण पुढं काही झालं नाही. त्यांना भूक लागली होती आणि पाठीला खाज सुटली होती, एवढंच त्यांना नीट कळत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी जगदेवी आली. आली ती सरळ चुलीशी गेली आणि पाणी तापत ठेवलं. गोदावरीबाईंना वाटलं होतं की ती दहा-बारा दिवस तरी यायची नाही.

"सुतक नाही का तुम्हांला?"

"आमच्यात सुतक न्हाई, बाई. माती दिली, झालं."

तिनं चादर बदलली, त्यांचं अंग पुसलं, पाठीवर जिथं कातडी लाल झाली होती तिथं खोबरेल लावलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. गोदावरीबाईंनी राग शोधला. मग त्या म्हणाल्या, "जगदेवी, त्या दिवशी मी तुला जाऊ द्यायला पाहिजे होतं."

जगदेवी खोबरेलाच्या वाटीत बोट फिरवत होती. "मग पेन्शन आडकली असती की," ती म्हणाली.

महिना भरला तेव्हा गोदावरीबाईंनी उशीखालच्या पिशवीतून दहा रुपये काढून तिच्यापुढं ठेवले. जगदेवीनं त्यातले दोन बाजूला काढले आणि परत उशीशी ठेवले.

"आता आठच द्या, बाई. भीमव्वाचं दोन लागत न्हाईत आता."

गोदावरीबाई त्या दोन रुपयांकडं बघत राहिल्या. पोस्टात आता फारसं काही उरलं नव्हतं. दोन रुपयांत महिन्याचं सरपण येत होतं. घेऊ नये असं त्यांना वाटलं नाही आणि घ्यावं असंही वाटलं नाही.

"बरं," त्या म्हणाल्या आणि रुपये पिशवीत टाकले.

वर्षभर असं चाललं. आधी पुस्तकं गेली, मग घड्याळ, मग तांब्याचा मोठा बंब. खोलीत चालायला मोकळी जागा झाली, जगदेवीला झाडायला सोपं पडू लागलं. मग गिरणीनं पुन्हा बायका घ्यायला सुरुवात केली. मुकादमानं जगदेवीलाही बोलावणं धाडलं. गिरणीत महिन्याला बारा-तेरा रुपये पडत होते. गोदावरीबाईंना आठही जड होत होते. जगदेवीनं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या की तू जा, मी कमलाकरला कळवते. म्हणाल्या खऱ्या, पण कळवलं नाही. आठ दिवस गेले. जगदेवीनंही मुकादमाला उत्तर दिलं नाही.

मग एका सकाळी जगदेवी भाकरी थापता थापता बोलली. तिनं बरेच दिवस मनात जुळवलेलं असावं, कारण ती न अडखळता बोलली. चाळीतल्या खोलीला तिला भाडं पडतं आणि तिथं आता कुणी नाही. ती सोडून ती इथंच बाहेरच्या खोलीत राहायला येईल, भाडं निम्मं देईल. सकाळी गिरणीत जायच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर बाईंचं सगळं करील. पगार नको. धान्य दोघींचं मिळून. दिवसा मात्र बाईंना एकटं राहावं लागेल.

"दिवसभर?"

"व्हय. पाणी, भाकरी, भांडं, सगळं हाताशी ठिवून जाईन. दार उघडं ठिवलं तर कुत्री येत्यात, म्हणून भाईरनं कडी घालीन. काय लागलं तर भिंतीवर वाजवा, ईरप्पाची सून ऐकंल."

गोदावरीबाईंनी विचारलं, "आणि तुला जमेनासं झालं तर?"

"तवा बगू."

 पगार द्यायचा नाही म्हणजे मागायचं कसं, हा विचार गोदावरीबाईंच्या मनात आला. भाकरी तव्यावर फुगली, जगदेवीनं ती उलटी करून निखाऱ्याशी उभी केली. दुसरा काही इलाज त्यांना सुचला नाही. त्या हो म्हणाल्या.

जगदेवीचं सामान फार नव्हतं. एक पेटी, एक घोंगडी, मायाक्काची एक काठी आणि दोन पातेली. काठी तिनं कोपऱ्यात ठेवली.

दिवस लांब असत. पहिल्या महिन्यात गोदावरीबाईंनी दोनदा भिंत वाजवली, दोन्ही वेळा पाण्याचं भांडं कलंडलं म्हणून. सून आली, पण तिचं मूल रडत होतं, तेव्हा नंतर त्यांनी वाजवणं सोडलं. पाणी जपून प्यायला लागल्या, म्हणजे लघवीचं भांडंही कमी लागे. कधी मनातल्या मनात जुन्या वर्गाची हजेरी घेत, बरीच नावं गळून गेलेली असत. दुपारी ईरप्पांच्या जोत्यावर बायका कानडीत बोलत बसत, ते ऐकून ऐकून त्यांना थोडं कळायला लागलं होतं. संध्याकाळी जगदेवी केसांत कापसाचे तंतू घेऊन येई, कडी काढी, आधी भांडं बाहेर नेई, मग हात धुऊन चूल पेटवी. आजारी पडली तरी येई. एकदा तापातच तिनं त्यांना उचललं आणि तिचे हात इतके तापले होते की गोदावरीबाईंना लुगड्यातून ते जाणवलं. त्या म्हणाल्या, आज राहू दे. जगदेवी म्हणाली, राहू दिलं तर उद्या दुप्पट पडेल.

छत्तीस सालच्या थंडीत कमलाकर आला. त्याची बदली पंढरपूरला व्हायची होती, घर मोठं मिळणार होतं. दारावर बाहेरून कडी बघून तो बावचळला. ईरप्पांना विचारून त्यानं ती काढली. आत अंधार होता. आत्या भिंतीकडं तोंड करून निजल्या होत्या. त्यानं हाक मारली तेव्हा त्यांनी मान वळवली.

तो उशाशी बसला. बदलीचं सांगितलं, नव्या घरात खालच्या मजल्यावर वेगळी खोली आहे म्हणाला, खिडकी रस्त्यावर आहे. या कोंडून ठेवण्याला काय म्हणायचं, असं त्यानं विचारलं. लोक मला काय म्हणतील, हेही विचारलं. गोदावरीबाई ऐकत होत्या. तो चांगला मुलगा होता आणि त्याचे केस कानावर पिकायला लागले होते.

"आत्या, दिवसभर अशी एकटी पडून कंटाळत नाहीस?"

"कंटाळते की," त्या म्हणाल्या.

"मग चल ना."

त्यांनी थोडा विचार केला. जगदेवी घरी आली आणि खाट रिकामी दिसली तर ती काय करील, हे त्यांना डोळ्यांपुढं आणता येईना. बहुतेक चादर काढून धुवायला टाकील. भाडं तिला एकटीला जड जाईल. निम्मं भाडं कुणी भरायचं, एवढाच प्रश्न त्यांच्या मनात नीट उभा राहिला.

"नको," त्या म्हणाल्या. "तुझ्या बायकोला माझा आशीर्वाद सांग. पोरांना घेऊन ये एकदा."

कमलाकर तासभर बसला.  गाडीची वेळ होत आली तसा तो उठला, आत्याच्या पायांना हात लावला. उजव्या पायाला लागलेला हात त्यांना कळला नाही, डाव्याला कळला.

तो दाराबाहेर गेला आणि तिथंच घुटमळला. दार उघडं टाकून जाणं त्याला बरं वाटत नव्हतं आणि ओढून घेणंही.

"कमलाकर," आतून आवाज आला, "कडी घाल हं बाबा. कुत्री येतात."

त्यानं कडी घातली. गोदावरीबाईंनी त्याच्या चपलांचा आवाज बोळाच्या टोकापर्यंत ऐकला. मग हात लांबवून त्यांनी भाकरीवरचं फडकं सारलं, एक तुकडा मोडला आणि सावकाश चावू लागल्या.